‘बंद खाती काढून टाका’: एका निरोपाचे चार अर्थ

पार्श्वभूमी

यंत्रांची देखभाल करणारी एक मध्यम आकाराची कंपनी. ग्राहकाशी वर्षाचा करार करायचा, ठरलेल्या वेळी तंत्रज्ञ पाठवून यंत्र तपासायचे आणि मध्येच बिघाड झाला तर तक्रार नोंदवून माणूस पाठवायचा, हे तिचे काम. प्रत्येक ग्राहकाचे एक खाते असते. कराराची मुदत, आधीच्या भेटींचा इतिहास, येणे बाकी, यंत्राचा अनुक्रमांक असे सगळे त्यात असते. ही खाती बरीच वर्षे एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होती आणि आता ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची होती.

या प्रकरणात चार माणसे आहेत: विभागप्रमुख, ग्राहकांच्या भेटींचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या ज्येष्ठ समन्वयक, लेखा विभागातले एक कर्मचारी आणि काही महिन्यांपूर्वीच रुजू झालेली, नोंदींचे काम पाहणारी एक कर्मचारी. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. चौघेही कामाला चोख. कोणी आळशी नाही, कोणी कोणाच्या वाईटावर नाही. म्हणूनच हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले. चुकार माणसामुळे काम बिघडले तर त्यातून इतरांना शिकण्यासारखे फारसे काही नसते.

निरोप

बुधवारी संध्याकाळी नव्या सॉफ्टवेअरच्या पुरवठादाराबरोबर बैठक झाली. ती संपताच विभागप्रमुखांनी फोनवरच्या ग्रुपमध्ये लिहिले:

“सोमवारपासून नवीन सिस्टीम. त्याआधी जुनी बंद खाती काढून टाका. डुप्लिकेट पण बघून घ्या. लवकरात लवकर. काही अडलं तर सांगा.”

तिघांनीही उत्तरादाखल अंगठ्याचे चिन्ह टाकले. विभागप्रमुखांच्या दृष्टीने विषय मार्गी लागला.

बैठकीत तासभर याच मुद्द्यावर बोलणे झाले होते. ज्या ग्राहकांशी पाच वर्षांत एकही करार झालेला नाही, ज्यांच्याकडे काही येणे नाही आणि ज्यांची एकही तक्रार उघडी नाही, तेवढीच खाती नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची नाहीत, असे ठरले होते. आधी यादी करायची, विभागप्रमुखांनी ती पाहायची, मगच ती खाती वगळायची, हेही ठरले होते. यातले पाच वर्षे, येणे बाकी, यादी, तपासणी काहीच निरोपात उतरले नाही. ते लिहायचे राहून गेले हे त्यांना मंगळवारपर्यंत कळलेही नाही. तासभर तेच ऐकलेल्या माणसाला आपला निरोप पूर्णच वाटणार.

कोणी काय समजले

लेखा विभागातल्या कर्मचाऱ्यांनी ‘बंद खाती’चा अर्थ हिशेब मिटलेली खाती असा घेतला. त्यामुळे आपल्याकडची किरकोळ येणी निकाली काढायला ते बसले. दुबार नावे शोधायचे काम नोंदी पाहणाऱ्या कर्मचारीचे, असे त्यांनी गृहीत धरले.

ज्येष्ठ समन्वयकांना निरोप आपल्यासाठी आहे असे वाटलेच नाही. नोंदींत फेरफार करणे हे त्यांचे काम नव्हते. त्यांच्या अंगठ्याचा अर्थ एवढाच होता की वाचले.

नोंदी पाहणाऱ्या कर्मचारीने जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिले, तर प्रत्येक खात्यापुढे ‘स्थिती’ असा रकाना होता आणि त्यात ‘चालू’ किंवा ‘बंद’ लिहिलेले होते. तिला निरोप अगदी स्पष्ट वाटला. बंद खाती म्हणजे ज्यांच्यापुढे बंद लिहिले आहे ती.

तिला एक गोष्ट ठाऊक नव्हती. कराराची मुदत ज्या दिवशी संपे, त्या रात्री ते सॉफ्टवेअर आपोआप खात्याची स्थिती ‘बंद’ करत असे, आणि नूतनीकरणाची नोंद होईपर्यंत ती तशीच राही. म्हणजे गेल्या महिन्यात मुदत संपलेला, नव्या कराराची बोलणी चालू असलेला, आगाऊ रक्कमही भरलेला ग्राहक त्या रकान्यात ‘बंद’ दिसत होता, आणि आठ वर्षांपूर्वी सोडून गेलेलाही ‘बंद’च दिसत होता. जुन्या लोकांना हे इतके अंगवळणी पडले होते की कोणी ते कधी लिहून ठेवले नव्हते.

गुरुवार आणि शुक्रवार

तिने विचारले नाही असे नाही. गुरुवारी सकाळी ती समन्वयकांकडे गेली आणि म्हणाली, “मॅडम, बंद खाती म्हणजे सिस्टीममध्ये बंद दिसतात तीच ना?” समन्वयकांच्या कानाला फोन होता, पलीकडे एक तंत्रज्ञ रस्ता विचारत होता. “हो, तीच,” त्या म्हणाल्या.

या दोन शब्दांनी अंदाजाचा आदेश झाला. समन्वयकांना निरोपामागचे बोलणे माहीत नव्हते, पण त्या ज्येष्ठ होत्या, त्यामुळे त्यांचे ‘हो’ वजनदार ठरले. कामाच्या ठिकाणचे बरेच गैरसमज असे पक्के होतात, हे आवर्जून सांगावेसे वाटते. माणूस शंका घेऊन ज्याने काम सांगितले त्याच्याकडे जात नाही, शेजारच्या टेबलाकडे जातो, कारण तिथे जायला संकोच वाटत नाही. शेजारचाही मदत म्हणून उत्तर देतो. उत्तर खात्रीचे आहे की अटकळीचे, हे मात्र दोघेही बोलून दाखवत नाहीत.

तिने खाती गाळून घेतली आणि गुरुवार-शुक्रवारी ती डिलीट केली. ‘ही नोंद कायमची काढली जाईल’ अशी सूचना पडद्यावर दर वेळी येत होती. सांगितलेले काम तेच होते, म्हणून ती ‘होय’ दाबत गेली. आकडा काही शेंवर गेला तेव्हा तिला थोडी धाकधूक वाटली. पण ‘लवकरात लवकर’ असे लिहिलेले होते आणि शुक्रवारी विभागप्रमुख दिवसभर बाहेर होते. संध्याकाळी तिने ग्रुपमध्ये लिहिले, “सर, बंद खात्यांचं काम झालं.” विभागप्रमुखांचे उत्तर आले, “छान!” त्यांना वाटले यादी तयार झाली.

मंगळवार

सोमवारी नवे सॉफ्टवेअर सुरू झाले. मंगळवारी सकाळी एका ग्राहकाचा फोन आला की यंत्र बंद पडले आहे. तक्रार घेणाऱ्याने नाव शोधले, सापडले नाही, आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितले की तुमचे खाते आमच्याकडे नाही. त्या ग्राहकाने नव्या वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले होते. दुपारपर्यंत असेच आणखी फोन आले, तेव्हा कोणीतरी जुन्या नोंदी उघडून पाहिल्या.

समोरचे पर्याय

नोंदी परत आणायचे तीन मार्ग होते.

पहिला, बुधवार रात्रीचा बॅकअप पूर्ण परत चढवायचा. हा मार्ग सगळ्यांत झटपट. पण गुरुवारनंतरच्या भेटी, पावत्या आणि नव्या सॉफ्टवेअरमधल्या दोन दिवसांच्या तक्रारी त्यात पुसल्या गेल्या असत्या. एक भोक बुजवताना दुसरे पडले असते.

दुसरा, कागदी करार आणि तंत्रज्ञांचे भेट-अहवाल काढून खाती हाताने पुन्हा भरायची. यात काही पुसले जाणार नव्हते, पण आठवडे लागले असते आणि घाईतल्या नोंदींत नव्या चुका शिरल्या असत्या.

तिसरा, बॅकअप एका वेगळ्या संगणकावर उघडायचा, डिलीट झालेली खाती तेवढी बाहेर काढायची, प्रत्येक गट तपासायचा आणि मग नव्या सॉफ्टवेअरमध्ये घालायची.

ग्राहकांना काय सांगायचे, हाही प्रश्न होता. काहींचे मत होते की गाजावाजा न करता दुरुस्त करून टाकावे. आणि कर्मचारीचे काय करायचे? वरिष्ठ पातळीवर तिला कारणे दाखवा नोटीस द्यायची तयारी झाली होती.

काय केले

तिसरा मार्ग निवडला. ज्यांचे पैसे आगाऊ आलेले होते ते ग्राहक आधी, नूतनीकरणाची बोलणी चालू असलेले त्यानंतर आणि बाकीचे शेवटी, असा क्रम लावला. पहिल्या दोन गटांतल्या प्रत्येकाला स्वतःहून फोन करून चूक सांगितली. हा निर्णय मला सर्वांत योग्य वाटतो. ग्राहकाला स्वतःचे खाते गायब झालेले ऐन बिघाडाच्या वेळी कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

दरम्यान तक्रार घेणाऱ्यांना तात्पुरती सूचना गेली, “नाव नसलं तरी कोणालाही नाही म्हणू नका, सेवा द्या.” तिच्यातून लगेच दुसरा घोटाळा झाला. खरोखरच करार सोडून गेलेल्या काही ग्राहकांकडेही तंत्रज्ञ फुकट सेवा द्यायला पोहोचले आणि तिथे पैशांवरून शब्दाला शब्द वाढला. पहिल्या गैरसमजाची आग विझवताना दिलेली सूचनाही तशीच अर्धवट होती. संध्याकाळी ती बदलली: नाव, अनुक्रमांक आणि शेवटच्या कराराची तारीख विचारा, मुदत संपून सहा महिन्यांहून कमी काळ झाला असेल तर तंत्रज्ञ पाठवा, त्याहून जुने असेल तर समन्वयकांना फोन जोडून द्या, स्वतः निर्णय घेऊ नका. त्यानंतर गोंधळ थांबला.

चार कागद

नोटीस टाइप होऊन तयार होती. मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्यांनी ती एक दिवस थांबवून घेतली. त्यांनी चौघांना एकमेकांशी न बोलता एका कागदावर दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या: बुधवारच्या निरोपात काय करायला सांगितले होते, आणि कोणाला सांगितले होते?

चार कागदांवर चार वेगवेगळी उत्तरे आली. दुबार नावे पाहण्याचे काम तर प्रत्येकाने दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर टाकले होते. विभागप्रमुखांनी चारही कागद वाचले आणि नोटीस मागे घ्यायला स्वतःच सांगितले.

ही युक्ती साधी आहे आणि कुठेही वापरता येते. दोष कोणाचा हे ठरवण्याआधी, सूचना मिळालेल्यांना तिचा अर्थ एकमेकांशी न बोलता लिहायला लावावा. सगळ्यांनी एकच लिहिले आणि एकाने वेगळे केले, तर त्या एकाशी बोलता येते. प्रत्येकाने वेगळे लिहिले, तर सूचना देणाऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

परिणाम

बहुतेक खाती त्याच आठवड्यात परत आली. भेटींचा इतिहास काही खात्यांशी नीट जोडला गेला नाही, त्यामुळे पुढचे काही महिने नियमित तपासणीच्या तारखा चुकत राहिल्या आणि समन्वयकांना त्या हाताने लावाव्या लागल्या. काही ग्राहकांनी नूतनीकरण केले नाही. त्यातले किती या घटनेमुळे गेले आणि किती तसेही जाणार होते, हे सांगता येणार नाही. कर्मचारी आजही तिथेच काम करते.

निर्णयाच्या जागा

हे प्रकरण निदान चार ठिकाणी थांबवता आले असते.

पहिली जागा निरोप लिहितानाची. निरोप लहान होता म्हणून बिघडले असे मला वाटत नाही. त्याच लांबीत ‘पाच वर्षे करार नसलेल्या खात्यांची यादी मला दाखवा’ हे बसले असते. आपल्या डोक्यातले समोरच्यालाही दिसते आहे असे लिहिणाऱ्याला वाटले, ही खरी अडचण. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी याच प्रवृत्तीवर एक प्रयोग केला होता. काहींनी ओळखीच्या गाण्याचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि इतरांनी गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्म्या वेळा तरी ओळखले जाईल. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण चाल चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. विभागप्रमुखांच्या बाबतीत हेच झाले. म्हणून ‘जरा नीट लिहीत जा’ असे सांगून हा दोष जात नाही. लिहिणाऱ्याला आपले लिहिणे नीटच वाटत असते.

दुसरी जागा अंगठ्याची. पोच मिळणे आणि अर्थ जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमानवाहतुकीने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाला उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती, तरी ते धावू लागले होते. त्याच्या वैमानिकांनी रेडिओवर जे सांगितले, त्याचा नियंत्रकाने ‘उड्डाणासाठी तयार आहोत’ असा अर्थ घेतला आणि उत्तराची सुरुवात ‘ओके’ने केली. ‘थांबा’ हा त्यापुढचा भाग दुसऱ्या विमानाचे बोलणे त्याच वेळी आल्याने केएलएमला स्वच्छ ऐकू गेला नाही. त्यानंतर रेडिओवरच्या ठरावीक शब्दांबद्दलचे नियम कडक झाले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, आणि महत्त्वाच्या सूचनेला नुसते ‘ओके’ न म्हणता ती स्वतः म्हणून दाखवायची, अशी शिस्त रुजली. ग्रुपमधला अंगठा हा आपल्या कामातला ‘ओके’च आहे. त्यातून फार तर एवढे कळते की निरोप पोहोचला.

तिसरी जागा समन्वयकांच्या टेबलापाशी. “मला नक्की माहीत नाही, सरांनाच विचार” असे उत्तर मिळाले असते तर पुढचे सगळे टळले असते. पण ज्येष्ठ माणसाला असे म्हणणे जड जाते. ते हलके करायचे असेल तर वरिष्ठांनी ते आधी स्वतः उघडपणे म्हणायला हवे.

चौथी जागा ‘झालं’ आणि ‘छान!’ यांच्यामधली. काय झाले, किती झाले, हे दोघांपैकी कोणीच विचारले किंवा सांगितले नाही. “साडेसहाशे खाती डिलीट केली” असा एखादा आकडा जरी आला असता, तरी विभागप्रमुख शुक्रवारीच ताडकन उठले असते.

वेगळे काय करता आले असते

पुढे विभागप्रमुख आणि कर्मचारी यांनी मिळून तो निरोप नव्याने लिहून पाहिला:

“नवीन सिस्टीममध्ये अनावश्यक खाती न्यायची नाहीत, म्हणून हे काम. पाच वर्षांत एकही करार नाही, येणे नाही, उघडी तक्रार नाही अशा खात्यांची फक्त यादी करा. यादी नोंदी विभागाने करायची, शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत मला द्यायची. दुबार नावांची वेगळी यादी लेखा विभागाकडून, त्याच वेळेला. मी पाहिल्याशिवाय एकही खाते डिलीट करायचे नाही. आधी पहिली दहा खाती दाखवा.”

यात उद्देश पहिल्या वाक्यात आला आहे, ही त्याची सर्वांत मोठी ताकद. उद्देश माहीत असला की निकष थोडा चुकला तरी माणूस अडखळतो: आगाऊ पैसे भरलेले खाते अनावश्यक कसे असेल? मूळ निरोप वाचून हा प्रश्न पडायला वावच नव्हता. दुसरी गोष्ट पहिल्या दहा खात्यांची. दहा नावांवर नजर टाकायला काही मिनिटे लागतात, आणि त्यात महिन्याभरापूर्वी मुदत संपलेला एखादा तरी ग्राहक नक्कीच दिसला असता.

एरवी प्रत्येक सूचना इतकी तपशीलवार द्यावी असे मी म्हणणार नाही. तसे केले तर माणसे वाचणे सोडून देतात आणि सांगणाराही थकतो. कसोटी एकच ठेवावी: केलेले काम उलटवता येईल का? बैठकीची वेळ चुकली तर बदलता येते, मसुदा चुकला तर पुन्हा लिहिता येतो. अशा कामांना दोन ओळी पुरेत. डिलीट करणे, ग्राहकाला अंतिम पत्र पाठवणे, यंत्र सुरू करणे, पैसे वर्ग करणे यांना मात्र नाव, मर्यादा आणि थांबण्याची जागा सांगितल्याशिवाय हात लावायला सांगू नये.

“समजलं ना?” हा प्रश्नही कंपनीत आता शक्यतो टाळतात. त्याचे उत्तर ‘हो’च येते, मग समजलेले असो वा नसो. त्याऐवजी “सुरुवात कुठून करणार?” असे विचारतात. नव्या माणसाला हा प्रश्न परीक्षेसारखा वाटू शकतो, म्हणून त्याआधी “मी घाईत सांगितलं, काही सुटलं असेल” असे विभागप्रमुख स्वतःच म्हणतात. सुरुवातीला हे कृत्रिम वाटले, असे चौघांनीही सांगितले.

नेहमीच्या वापरातल्या शब्दांचे अर्थ लिहिलेले एक पानही तयार झाले आहे आणि ते तीच कर्मचारी सांभाळते. ‘बंद’चे तीन प्रकार त्यात वेगळे केले आहेत: मुदत संपलेले, ग्राहकाने सोडलेले आणि कंपनीने थांबवलेले. ‘आठवडाअखेर’ म्हणजे शुक्रवार संध्याकाळ, हेही ठरले आहे. तोंडी सांगितलेले काम ज्याला मिळाले त्याने ग्रुपमध्ये एका ओळीत लिहायचे, हा नियम कार्यालयात पाळला जातो. बाहेर फिरणाऱ्या तंत्रज्ञांकडून तो अजून नीट पाळला जात नाही. ‘तातडीचे’ या शब्दावर मात्र एकमत व्हायचे आहे. तक्रार विभाग त्याचा अर्थ चार तास घेतो, तंत्रज्ञ विभाग त्याच दिवशी. तो निर्णय होईपर्यंत तक्रार घेणाऱ्यांनी हा शब्द न लिहिता तंत्रज्ञ किती वाजेपर्यंत पोहोचायला हवा ती वेळ लिहायची, असे ठरले आहे.